भांडणं मैत्रिणींची, गोष्ट चौघींची: 'सेक्स अँड द सिटी'चा चौथा सीझन कसा बांधलाय

'सेक्स अँड द सिटी' या अमेरिकी टीव्ही मालिकेचं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उंच टाचांचे सँडल, कॉकटेलचे ग्लास आणि एकामागून एक येणारे पुरुष येतात. पण ज्यांनी या मालिकेचा चौथा सीझन मन लावून पाहिलाय त्यांना त्यातलं काय आठवतं, असं विचारा. बरेच जण तीन भांडणं सांगतील. एक नोकरी सोडण्यावरून, एक गरोदरपणावरून आणि एक पैशांवरून. तिन्ही मैत्रिणी-मैत्रिणींमधली. प्रियकरांशी झालेल्या भांडणांपेक्षा ती जास्त लागतात आणि जास्त दिवस डोक्यात राहतात.

हा सीझन मुद्दाम तसा बांधलाय, आणि ती बांधणी उलगडून सांगण्यासाठी हा लेख आहे. विनोदी मालिका म्हणजे हलकाफुलका वेळ घालवायचा मामला, तिच्या रचनेबद्दल काय बोलायचं, असं आपल्याकडे बरेचदा मानलं जातं. मला ते पटत नाही. चार बायकांची आयुष्यं एकाच वेळी पुढे न्यायची, दर भागात हसवायचं, आणि हसता हसता एखादा जड प्रश्न बघणाऱ्याच्या ओंजळीत ठेवायचा, हे फार अवघड काम आहे. ते कसं केलंय हे कळलं की मालिका बघण्यातली मजा कमी होत नाही, वाढते. पुढे कथेतल्या घटना उघड होणार आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

मालिका, सीझन आणि जाहिराती नसण्याचा फायदा

पार्श्वभूमी थोडक्यात. कँडेस बुशनेल ही लेखिका १९९४ पासून 'न्यूयॉर्क ऑब्झर्व्हर' या साप्ताहिकात न्यूयॉर्कमधल्या प्रेमसंबंधांबद्दल सदर लिहीत होती. त्या सदराचं पुस्तक झालं आणि त्यावरून डॅरेन स्टार यांनी एचबीओ वाहिनीसाठी मालिका तयार केली. पहिला भाग जून १९९८ मध्ये दाखवला गेला, शेवटचा फेब्रुवारी २००४ मध्ये. एकूण सहा सीझन, ९४ भाग. चौथ्या सीझनपर्यंत लेखनाची धुरा प्रामुख्याने मायकल पॅट्रिक किंग यांच्याकडे आली होती आणि त्यांच्यासोबत लेखकांच्या खोलीत बायका मोठ्या संख्येने होत्या. पडद्यावर येणारा प्रसंग आपल्यापैकी कुणावर किंवा आपण थेट ओळखतो अशा कुणावर खरोखर गुदरलेला असावा, असा त्या खोलीचा दंडक होता, असं या लेखकांनी मुलाखतींतून सांगितलंय. चौथा सीझन बघताना तो दंडक जाणवतो.

आपल्याकडची रोजची मालिका वर्षानुवर्षं सलग चालते, तिला मधे थांबा नसतो. अमेरिकी मालिकेचा सीझन म्हणजे ठरावीक भागांचा एक संच. लेखक मंडळी काही महिने बसून त्या संचाचा आराखडा करतात: सुरुवातीला कोण कुठे आहे, शेवटी कुठे पोहोचायचं, आणि मधे कोणत्या भागात काय घडायचं. म्हणजे प्रत्येक सीझनला कादंबरीसारखी सुरुवात आणि शेवट देता येतो. चौथ्या सीझनमध्ये १८ भाग आहेत, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. सगळे मिळून जवळजवळ नऊ तास.

त्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या नेटवर्क वाहिन्यांवरची विनोदी मालिका वर्षाला २२ ते २४ भागांची असायची. अर्ध्या तासातली सातआठ मिनिटं जाहिरातींना जायची, आणि प्रेक्षकाने जाहिरातीत वाहिनी बदलू नये म्हणून दर थोड्या वेळाने काहीतरी धक्का किंवा मोठा हशा लागायचा. एचबीओ वर्गणीवर चालते. जाहिराती नाहीत, त्यामुळे ते धक्केही नकोत. भाग कमी, म्हणून प्रत्येकावर जास्त मेहनत. स्टुडिओत बसलेला प्रेक्षकवर्ग नाही आणि पाठीमागून वाजणारं हसूही नाही, त्यामुळे एखादा प्रसंग हसण्यावर न संपता नुसता संपू शकतो. या सीझनमधले सगळ्यात चांगले प्रसंग असेच संपतात.

चौघी आणि त्यांचं टेबल

कॅरी ब्रॅडशॉ (सारा जेसिका पार्कर) वृत्तपत्रात प्रेम आणि शरीरसंबंधांबद्दल सदर लिहिते. मिरांडा हॉब्स (सिंथिया निक्सन) वकील. शार्लट यॉर्क (क्रिस्टिन डेव्हिस) चित्रांच्या गॅलरीत काम करते, आणि लग्न, घर, मूल यांवर तिची नितांत श्रद्धा आहे. समँथा जोन्स (किम कॅट्रल) प्रसिद्धीचा व्यवसाय चालवते आणि तिला लग्नबिग्न काही नको असतं. चार टोकाच्या स्वभावांच्या बायका एकत्र आणायची ही रीत जुनी आहे. १९८५ ते १९९२ या काळात एनबीसीवर गाजलेली 'द गोल्डन गर्ल्स' उतारवयातल्या चौघींची होती. १९९३ ते १९९८ या काळात फॉक्सवर आलेली 'लिव्हिंग सिंगल' ब्रुकलिनमधल्या कृष्णवर्णीय मैत्रिणींची होती, आणि तीही न्यूयॉर्कचीच गोष्ट होती. हे मुद्दाम सांगते, कारण शहरातल्या अविवाहित मैत्रिणींची गोष्ट टीव्हीवर कॅरीपासून सुरू झाली असं हल्ली सर्रास म्हटलं जातं आणि ते खरं नाही.

कॅरी दर भागात सदरासाठी एक प्रश्न टाइप करते आणि तो तिच्याच आवाजात ऐकू येतो. उदाहरणार्थ, सातव्या भागात ती विचारते की जे विसरता येत नाही ते माफ तरी करता येतं का. मग त्या अर्ध्या तासात चौघींच्या चार गोष्टी त्याच प्रश्नाभोवती फिरतात. ऐकायला हे यांत्रिक वाटतं, आणि पहिल्या दोन सीझनमध्ये काही वेळा ते यांत्रिक होतंही.

या प्रश्नाला जोड मिळते ती टेबलाची. जवळजवळ प्रत्येक भागात चौघी एखाद्या कॉफी शॉपमध्ये नाश्त्याला भेटतात. एकीच्या आयुष्यात रात्री जे घडलं ते सकाळी या टेबलावर येतं आणि उरलेल्या तिघी त्यावर मत देतात. एकच घटना चार बाजूंनी बघायला मिळते आणि लेखकाला स्वतःचा निवाडा द्यावा लागत नाही. पहिल्या तीन सीझनमध्ये हे टेबल बहुतांशी सुरक्षित जागा असतं. बाहेर पुरुष त्रास देतात, टेबलावर येऊन हसून मोकळं व्हायचं. चौथ्या सीझनमध्ये लेखकांनी त्रास त्या टेबलावरच आणून ठेवला.

समांतर गोष्टींऐवजी जोड्या

नेहमीची पद्धत अशी की चार पात्रांच्या चार गोष्टी शेजारी शेजारी चालतात. चौथ्या सीझनमध्ये लेखकांनी पात्रांच्या जोड्या लावल्या. एकीला जे हवंय आणि मिळत नाही, तेच दुसरीला नको असताना मिळतं. एकीचा निर्णय दुसरीच्या आयुष्यावर बोट ठेवतो. मग भांडायला खलनायक लागत नाही. दोघी बरोबर असतात, आणि तरीही दुखतं.

याची पेरणी पहिल्याच भागात आहे. कॅरीचा पस्तिसावा वाढदिवस. रेस्टॉरंटमध्ये ती लांबलचक टेबलावर एकटी बसून राहते, कुणीच वेळेवर पोहोचत नाही, आणि ती खचून घरी जाते. नंतर तिघी तिला कॉफी शॉपमध्ये घेऊन जातात. तिथे ती कबूल करते की आज माझी काळजी करणारा एक माणूस आयुष्यात असावा असं वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटते. यावर शार्लट सुचवते की कदाचित आपण चौघीच एकमेकींच्या जिवाच्या साथी असू, आणि पुरुष म्हणजे आयुष्यात येणारी चांगली, मजेची माणसं. चौघींमधली लग्नावर सर्वांत जास्त विश्वास असणारी बाई हे बोलते, म्हणून त्याला वजन आहे. पुढचे सतरा भाग हे वाक्य पारखून घेतात. मैत्रिणी खरोखरच जिवाच्या साथी असतील तर त्यांच्यावर तेवढाच भारही पडणार, आणि त्या तो पेलणार का?

पहिला भार येतो सातव्या भागात, 'टाइम अँड पनिशमेंट'मध्ये. शार्लटने हृदयरोगतज्ज्ञ ट्रे मॅकडूगलशी लग्न केलेलं असतं. ती गॅलरीतली नोकरी सोडायची ठरवते: घर सजवायचं, मूल होऊ द्यायचं, स्वयंसेवी काम करायचं. टेबलावर हे सांगितल्यावर मिरांडाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते शार्लटला सलतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिरांडाला फोन करून भांडते. तिचा मुद्दा असा की स्त्री-चळवळ निवडीच्या हक्कासाठी होती, मी निवड केली आहे, मग तू मला कमी का लेखतेस. फोनवर ती ओरडून सांगत राहते की ही निवड माझी आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ओरडावी लागते तेव्हा ती दुसऱ्याला सांगणं असतं की स्वतःला, हे लेखक मोकळं सोडतात. मिरांडा काही फार बोलत नाही. तिची बाजू तिच्या आयुष्यातच दिसते: तिने जे मिळवलंय ते नोकरीच्या जोरावर, एकटीने.

त्याच भागात मिरांडाची मान अवघडते, ती बाथरूममध्ये जमिनीवर पडून राहते आणि कॅरीला फोन करते. कॅरी स्वतः न येता आपल्या प्रियकराला, एडनला, पाठवते. मिरांडा प्रचंड चिडते, आणि तिचं बरोबर आहे. मी तुला बोलावलं होतं, त्याला नाही. इतक्या छोट्या प्रसंगात मैत्रीतला हिशेब इतका स्वच्छ मांडलेला मी टीव्हीवर क्वचित पाहिलाय.

पुढच्याच भागात, 'माय मदरबोर्ड, माय सेल्फ'मध्ये, मिरांडाची आई फिलाडेल्फियात हृदयविकाराने जाते. चर्चमध्ये शवपेटीमागून चालायची वेळ येते. भावंडांसोबत त्यांचे जोडीदार असतात, मिरांडा एकटी. कॅरी बाकावरून उठते आणि तिच्या शेजारून चालू लागते. संवाद नाही, समजावणं नाही. आधीच्या भागात जिने स्वतः यायचं टाळलं तीच इथे उठून येते, म्हणून हे चालणं एवढं मोठं होतं. हे दोन भाग एकापाठोपाठ ठेवण्यातच सीझनची आखणी दिसते. सुटे पाहिले तर दोन चांगले प्रसंग, एकत्र पाहिले तर एक परतफेड.

दोघींपैकी एकीला मूल हवं असतं

शार्लट मूल व्हावं म्हणून झटते आहे. तपासण्यांतून कळतं की नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याची तिची शक्यता फार कमी आहे. दरम्यान मिरांडाचा जुना प्रियकर, बारटेंडर स्टीव्ह ब्रेडी, याला वृषणाचा कर्करोग होतो, एक वृषण काढावं लागतं. तो खचलेला असताना मिरांडा त्याच्यासोबत एक रात्र घालवते आणि तिला दिवस जातात. तिचीही एक ओव्हरी नीट काम करत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. म्हणजे गर्भ राहणं जिथे जवळजवळ अशक्य, तिथे तो राहतो, आणि जिथे जिवापाड हवा असतो तिथे नाही. 'कुडा, वुडा, शुडा' या अकराव्या भागात ही बातमी टेबलावर येते. मिरांडा गर्भपाताचा विचार बोलून दाखवते. शार्लट उठून निघून जाते.

इथे लेखकांनी कुणालाही दोषी ठरवलेलं नाही. गर्भपात हा शब्द मिरांडा स्पष्टपणे वापरते. २००१ मध्ये अमेरिकी टीव्हीवर, त्यातही विनोदी मालिकेत, हे नेहमीचं नव्हतं. कॅरी आणि समँथा आपल्या जुन्या गर्भपातांबद्दल बोलतात, आणि कॅरी स्वतःच्या अनुभवाबद्दल एडनशी खोटं बोलते, ते खोटं तिला छळत राहतं. या तिघी एका बाजूला, शार्लट दुसऱ्या, असं सोपं गणित होऊ शकलं असतं. पण शार्लटचं दुःख तत्त्वाचं नाही, शरीराचं आहे. मिरांडाला ते कळतं आणि म्हणूनच तिला शार्लटवर रागही धरता येत नाही. शेवटी क्लिनिकमध्ये बसलेली असताना मिरांडा मूल ठेवायचं ठरवते. त्यानंतर शार्लट तिच्यासाठी जो आनंद दाखवते तो खरा आहे, आणि तो दाखवताना तिला किती जड जातंय हेही दिसतं. क्रिस्टिन डेव्हिसचं काम या सीझनमध्ये मला सगळ्यात सरस वाटतं.

नंतरच्या भागांत मिरांडाला सोनोग्राफीत मुलगा असल्याचं कळतं आणि तिला अपेक्षित आनंद होत नाही. आजूबाजूच्या सगळ्यांना खूश बघून ती आनंदाचं नाटक करते. आईपणाबद्दल असं बोलायची सोय आजही सगळीकडे नाही.

घर, अंगठी आणि सोळावा भाग

आता सीझनच्या गाभ्याकडे. त्यासाठी न्यूयॉर्कमधल्या घरांबद्दल थोडं समजून घ्यायला हवं, नाहीतर 'रिंग अ डिंग डिंग' या सोळाव्या भागातली मेख निसटते.

न्यूयॉर्कमध्ये जुन्या इमारतींतल्या लाखो घरांवर भाडेवाढीची कायदेशीर मर्यादा आहे. कॅरी अशाच स्वस्त भाड्याच्या घरात राहते. सदर लिहून मिळणाऱ्या पैशांत मॅनहॅटनमध्ये तिचा निभाव लागतो तो त्यामुळेच. अशा काही इमारती पुढे 'को-ऑप' झाल्या, म्हणजे इमारत एका कंपनीच्या मालकीची होते. राहणारा घर विकत घेत नाही, त्या कंपनीचे शेअर घेतो, आणि त्यामुळे त्याला घर वापरण्याचा दीर्घ मुदतीचा करार मिळतो. ज्यांच्या कपाटात सहकारी गृहनिर्माण सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. फरक एवढाच की तिथली समिती नव्या सभासदाची मुलाखत घेते, बँकेचे कागद तपासते आणि कारण न सांगता नकारही देऊ शकते.

तर कॅरीची इमारत को-ऑप होते. तिचा प्रियकर एडन फर्निचर बनवणारा, चार पैसे बाळगून असलेला. तो तिचं घर आणि शेजारचं घर विकत घेतो: भिंत पाडू, एकत्र राहू. तो लग्नाची मागणी घालतो, ती अंगठी घेते, पण बोटात न घालता गळ्यातल्या साखळीत अडकवते. बाराव्या भागात अंगठी, पंधराव्यात संबंध तुटतो. सोळाव्यात वकिलाचं पत्र येतं: तीस दिवसांत घर परत विकत घे किंवा सोड.

म्हणजे प्रेमभंगाने ती बेघर व्हायच्या बेतात आहे. बँक कर्ज नाकारते. चपलांच्या दुकानात मिरांडा तिला हिशेब करून दाखवते: शंभर जोड, प्रत्येकी चारशे डॉलर, म्हणजे चाळीस हजार. घराची सुरुवातीची रक्कम पायांत गेली. मालिकेवर पहिल्यापासून एक आक्षेप होता की सदर लिहिणाऱ्या बाईला हे सगळं परवडतं कसं. लेखकांनी तो आक्षेप टाळला नाही, त्याचीच गोष्ट केली.

कॅरी जुन्या प्रियकराकडे, बिगकडे, सल्ला मागायला जाते. तो पैशांचा चेक देतो. तो घेतला तर ती पुन्हा एका पुरुषाच्या घरात राहणार, फक्त पुरुष बदलेल. ती चेक फाडते. टेबलावर मिरांडा आणि समँथा कर्जाऊ पैसे देऊ करतात. शार्लट गप्प राहते.

मग कॅरी शार्लटच्या घरी जाते आणि विचारते, तू का नाही म्हणालीस? पार्क अव्हेन्यूवरचं ते घर मोठं आहे. ट्रेने ते सोडलंय, लग्न मोडलंय, शार्लट तिथे एकटी आहे. ही जोडी बघा: एकीला मोडलेल्या नात्यातून घर मिळालं, दुसरीचं मोडलेल्या नात्यामुळे घर जातंय. शार्लटचं उत्तर कठोर आहे. तुझ्यावर माझं प्रेम आहे, पण तुझा पैशांचा घोळ निस्तरणं माझं काम नाही, तू पस्तीस वर्षांची बाई आहेस. कॅरीला राग येतो, आणि त्या रागात हक्क आहे. मैत्रीत पैसा आला की दोन्ही बाजूंना आपण बरोबर आहोत असं वाटतं. माझं मत शार्लटच्या बाजूने झुकतं. मैत्रीण श्रीमंत आहे म्हणून तिच्यावर देण्याचं बंधन येत नाही, आणि कॅरीने मागण्याआधी स्वतःच्या खर्चाकडे पाहिलंही नव्हतं.

पण शार्लट विचार करते आणि कॅरीला ट्रेने दिलेली साखरपुड्याची अंगठी देते. विक, घरासाठी वापर, जमेल तसं फेड. मोडलेल्या लग्नाची अंगठी मैत्रिणीच्या घराचा पाया होते. प्रसंगाची मांडणी लग्नाच्या मागणीसारखी आहे: एक अंगठी पुढे करते, दुसरी होकार देते. पहिल्या भागात शार्लट जे म्हणाली होती त्याची किंमत ती स्वतःच्या बोटातून काढून देते. हे फुकट दिलेलं नाही, कर्ज आहे, यातच त्याची शान आहे. कॅरीला सुटका मिळते आणि जबाबदारीही.

दुसऱ्या सीझनमध्ये मिरांडा एकटीने घर विकत घेते तेव्हा सगळे तिला विचारतात, फक्त तुम्हीच राहणार का, सुरुवातीची रक्कम वडील देणार का. तिथपासून ही मालिका बाईच्या नावावरच्या घराबद्दल बोलते आहे. सोळाव्या भागात तो धागा पुरा होतो.

मधली फट आणि शहर

सीझन दोन टप्प्यांत दाखवला गेला. पहिले १२ भाग ३ जून ते १२ ऑगस्ट २००१, उरलेले ६ भाग ६ जानेवारी ते १० फेब्रुवारी २००२. कॅरी लग्नाला होकार देते तिथे उन्हाळ्याचा टप्पा संपला. प्रेक्षक लग्न होणार की नाही याची वाट बघत असताना ११ सप्टेंबर झाला. शीर्षकगीतात दिसणारे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे नंतर काढून त्या जागी एम्पायर स्टेट बिल्डिंग आली. हल्ल्यांमुळे दोनदा पुढे ढकललेला, अमेरिकी टीव्हीचा एमी पुरस्कार सोहळा ४ नोव्हेंबर २००१ रोजी झाला आणि सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा पुरस्कार 'सेक्स अँड द सिटी'ला मिळाला. केबल वाहिनीवरच्या मालिकेला हा मान तेव्हा पहिल्यांदाच मिळाला.

शेवटच्या भागाचं नाव 'आय हार्ट एनवाय', मिल्टन ग्लेझर यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटनासाठी केलेल्या प्रसिद्ध बोधचिन्हावरून. बिग शहर सोडून कॅलिफोर्नियात नापाला निघालाय. तो आणि कॅरी सेंट्रल पार्कमध्ये घोडागाडीत आहेत, आणि मिरांडाला कळा सुरू झाल्याचा फोन येतो. कॅरी इस्पितळात जाते. बिगला निरोप देणं राहून जातं, बाळ जन्मतं. समँथा त्याच सुमारास आपल्या प्रियकराला, हॉटेलमालक रिचर्ड राइटला, दुसऱ्या बाईसोबत पकडते. चौघींपैकी कुणाचंही प्रेम सुखात संपत नाही आणि तरी तो शेवट उदास वाटत नाही. फेब्रुवारी २००२ मधल्या न्यूयॉर्ककरांना तो किती लागला असेल याची कल्पना करता येते.

जे फसलंय

सीझन निर्दोष नाही. समँथा मारिया नावाच्या ब्राझिलियन चित्रकर्तीच्या प्रेमात पडते. सोनिया ब्रागासारखी अभिनेत्री हाताशी असताना हे नातं तीन भागांत गुंडाळलं गेलं, आणि त्यातलं बरंचसं समँथाची गंमत म्हणून. समँथालाच या सीझनमध्ये खरी जोडीदार-पात्र मिळालेली नाही. मिरांडा-शार्लट, कॅरी-शार्लट, कॅरी-मिरांडा अशा जोड्या झाल्या, ती बाजूला राहिली. रिचर्डने फसवल्यावर तिच्या दुःखाला जितकी जागा हवी तितकी मिळत नाही. आणि एवढ्या मिश्र शहरात चारही प्रमुख बायका गोऱ्या, त्यांच्या आजूबाजूचं जगही जवळजवळ तसंच. 'लिव्हिंग सिंगल' त्याच शहरात काही वर्षांपूर्वी होऊन गेली होती, त्यामुळे तेव्हा असंच असायचं, ही सबब चालत नाही.

पाचवा सीझन सारा जेसिका पार्करच्या गरोदरपणामुळे फक्त ८ भागांचा झाला आणि तिथे ही जोड्यांची वीण सैल पडते. म्हणून या मालिकेतलं एकच काही बघायचं असेल तर मी चौथा सीझन सुचवेन. विषय आणि दृश्यं प्रौढांसाठी आहेत, हे लक्षात ठेवा. अठराही भागांना वेळ नसेल तर पहिला, सातवा, आठवा, अकरावा आणि सोळावा याच क्रमाने बघा. सातवा आणि आठवा एकाच बैठकीत. सोळाव्याआधी शक्य झालं तर पंधरावा बघून घ्या, म्हणजे वकिलाचं पत्र का येतं हे वेगळं समजावून घ्यावं लागणार नाही.